आडव्या बाटलीचं मतदान

आई,

आडवी बाटली हरली. शेवट आधी सांगते, कारण तुला गोष्ट शेवटाकडूनच ऐकायची सवय होती. मधलं काय ते तू मग सावकाश विचारायचीस. वाडीच्या तोंडाशी असलेलं देशी दारूचं दुकान तुझ्या वेळी होतं तिथंच आहे. पत्र्याच्या जागी स्लॅब आलाय, एवढाच फरक. पिरंगुटच्या कंपन्यांतून सुटलेली माणसं बसमधून उतरतात आणि घराआधी तिथं थांबतात. आपला धाकटाही थांबतो. तू गेलीस तेव्हा तो शाळेच्या चड्डीत होता. आता मेंढरं कातरताना त्याचा हात इतका थरथरतो, की मेंढीच्या कातडीला कातर लागते, आणि त्याची बायको कातर त्याच्या हातातून काढून घेते. डॉक्टरांनी तिला स्पष्टच सांगितलंय, हे असंच चाललं तर माणूस हाती लागायचा नाही.

दुकान बंद करायचा अर्ज तूही केला होतास. आबांची दारू सुटावी म्हणून. घरोघर फिरून तू बायकांचे अंगठे घेत होतीस आणि शाईचा पॅड घेऊन मी तुझ्या मागं. एका म्हातारीनं विचारलं, "अगं, पर धन्यानं इचारलं तर काय सांगू?" तू म्हणालीस, "सांग, रेशनचा अंगठा हाय." अर्ज पौडच्या कचेरीत पोचला आणि पावसाळा तोंडावर आला. मुळशीचा पाऊस आपल्या मेंढरांना सोसत नाही, चिखलानं खुरं कुजतात. म्हणून दर साली आपण खाली भीमेकडं उतरायचो आणि दिवाळीनंतर वर यायचो. साहेब अंगठे पडताळायला आला तेव्हा वाडीत कुत्रंसुद्धा नव्हतं. अर्ज तसाच बाद झाला. परत आल्यावर तुला हे कळलं, तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "सरकारला काय ठावं, आमी कुटं असतो ते." मला हसू आलं, तर पिठाच्या हातानंच माझ्या पाठीत धपाटा घातलास. "हसू नगं. अठराची झालीस की पयलं यादीत नाव लाव. ज्याचं नाव न्हाई, त्याचं कोन ऐकत न्हाई."

त्याच हिवाळ्यात शाळेत मतदार कार्डाचे फोटो काढायला माणूस आला होता. तू नवं लुगडं नेसून रांगेत पहिली. त्यानं पदर मागं घ्यायला सांगितला, तर तू लाजलीस. तुला लाजताना मी तेवढंच पाहिलं. आपल्या घरात तुझा दुसरा फोटो नाही, आणि ते कार्ड तुझ्या पिशवीतच होतं, जी आबांनी तुझ्याबरोबर चितेवर ठेवली.

पुढच्या उतरणीला तुला ताप आला. परक्या गावचं शिवार, पालाबाहेर चिखल. आबा गाडी आणायला गेले आणि पिऊन परत आले, गाडी नाहीच. एका शेताच्या बांधाला तुला अग्नी दिला आणि दुसऱ्या दिवशी कळप पुढं हलवावा लागला, कारण शेतवाल्याला पीक सांभाळायचं होतं. मेलेल्या माणसाची कुठं नोंद करायची असते, हे आपल्यातल्या कुणाला ठाऊकच नव्हतं. मी रडत होते, पण मेंढरं हाकत होते.

या वेळी धाकट्याच्या बायकोनं शहाणपण केलं. तू तिला पाहिलेलं नाहीस. जीभ तुझ्यासारखीच तिखट आहे. सगळे कळप वर आल्यावर, दिवाळीनंतर तिनं अर्ज दिला. पडताळणी झाली, मतदानाची तारीख लागली. मत फक्त बायकांचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. पण बंद व्हायला यादीत जेवढ्या बायकांची नावं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींचा शिक्का आडवीवर पडायला हवा. जी येणार नाही, ती उभीच्याच बाजूची धरायची. म्हणून ज्यांची नावं अजून माहेरच्या यादीत राहिलीत, अशा लग्न झालेल्या पोरी आम्ही हुडकून आणल्या. मीही हिंजवडीहून त्याच नात्यानं आले. एक ओली बाळंतीण रिक्षातून आली, कानाला फडकं बांधून.

टेबलावरच्या बाई माझं नाव शोधत होत्या. आपला घर नंबर एकच, त्यामुळे यादीत माझ्या फोटोच्या वरच्याच चौकोनात तू होतीस. पदर अर्धा मागं, नजर खाली. मी इतकी खुळ्यासारखी बघत राहिले, की बाई म्हणाल्या, "ताई, बोट पुढं करा, शाई लावायचीय." मला आनंद झाला होता, आई. नुसता आनंद.

मोजणीत आडव्या बाटल्यांचा ढीग उभ्यांच्या कितीतरी वर गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी यादीतली एकूण नावं सांगितली आणि टाळ्या थांबल्या. थोडक्यात गेलं. धाकट्याची बायको न आलेल्यांची नावं बघत बसली. काही म्हाताऱ्या केव्हाच वारलेल्या, आणि मधेच तिचं बोट थांबलं. "वन्सं, आत्याबाईंचं नाव हाय की हो हितं." सासूला ती आत्याबाई म्हणते. म्हणजे तुझंही मत दुकानाकडंच गेलं होतं. बाहेर दुकानवाल्यांचे फटाके वाजत होते. धाकटा कपाळाला गुलाल लावून, झोकांड्या खात आत आला. त्यानं ते ऐकलं. आधी हसला, मग भिंतीला धरून खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. "आईनं मला दिलं मत. बग, आईनं मला टाकलं न्हाई."

वर्षभरानं पुन्हा अर्ज करता येतो. त्याआधी मेलेल्यांची नावं वगळून घ्यायची, म्हणजे निम्म्याचा आकडा खाली येईल. मृत्यूचा दाखला नसला तरी लेकीचा अर्ज आणि शेजाऱ्यांचे जबाब चालतात. तुझा अर्ज मी भरलाय. तुझ्या नावापुढं 'मयत' असंही लिहिलंय. धाकट्याचा जीव वाचणं या अर्जावरच आहे, हे मला समजतं.

त्याच्या बायकोला मी सांगितलंय, पौडला जाऊन अर्ज देऊन आले म्हणून. अजून दिलेला नाही. त्या यादीत फोटोखाली वय असतं, आणि दर साली ते आपोआप पुढं जातं. तिथं तू म्हातारी झालीयेस, आई. तेवढ्या एकाच ठिकाणी.