भाव न करणारं गिऱ्हाईक

सोमवार, ४ मार्च

गाडी भिंतीवर घातली. घातली म्हणजे मी नाही — फाटकातून आत घेताना ब्रेक दाबला तर इंजिन एकदम किंचाळलं आणि गाडी पुढंच. बंपर आत गेला, भिंतीच्या दोन विटा पडल्या. मला खरचटलंही नाही.

ॲक्सिलरेटरची केबल अडकली, दुसरं काय! गेल्याच आठवड्यात मिस्त्रीनं कार्ब्युरेटर साफ केला. चालत्या गोष्टीला हात लावू नकोस म्हटलं होतं.

ही गॅलरीतून बघत होती. एक शब्द बोलली नाही. हिचं न बोलणं मला नेहमी महाग पडतं.

मंगळवार, ५ मार्च

मिस्त्री येऊन गेला. बॉनेट उघडून केबल ओढून बघितली, सोडून बघितली, पुन्हा ओढली. म्हणे, "शेठ, लोण्यासारखी चालतेय. स्प्रिंगही जागेवर आहे."

मग काय भुतानं दाबली? त्यावर तो नुसता फडक्याला हात पुसत बसला — आणि हात तर स्वच्छ होते. स्पेअर पार्टच्या काउंटरमागं माझा जन्म गेला. लपवणारा माणूस मला वासावरून कळतो.

इंजिनाचा दोष नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून देईन. तेराशे सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळं तुटायची कटकट नाही. हेड आजवर एकदाच उतरवलं, तेही गॅस्केटसाठी. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन अजून सारखं येतं. आम्ही चार भावंडं, आमच्यात कधी एवढं सारखेपण नव्हतं. आधी लोकांच्या गाड्या पुसल्या, मग चालवल्या, मग दुकान टाकलं आणि मग ही गाडी घेतली. तिनं मला एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. माणसांबद्दल असं म्हणवत नाही.

येत्या १८ तारखेपासून लेक नोकरीवर रुजू होतेय. नातीला शाळेत सोडायचं, आणायचं काम माझ्याकडे. मीच हट्टानं मागून घेतलंय. तोवर या केबलचा सोक्षमोक्ष लागलाच पाहिजे.

गुरुवार, ७ मार्च

एक चष्मेवाला दारात. गाडी विकायची आहे असं कळलं, म्हणाला. कुणाकडून कळलं? "असंच, कानावर आलं." मी तर कुठं बोललो नाही!

हाकलणारच होतो, पण म्हटलं बघू तरी, काय मासा आहे. चहा पाजला, गाडी दाखवली. त्यानं पत्रा ठोकून बघितला नाही, टायर बघितले नाहीत, दबलेल्या बंपरकडे ढुंकूनही नाही. मी मुद्दाम अव्वाच्या सव्वा भाव सांगितला. तर म्हणतो, "चालेल."

चालेल! भाव न करणारं गिऱ्हाईक एक तर खुळं असतं, नाहीतर चोर. हा खुळा वाटत नव्हता. विकायची नाही, असं सांगून वाटेला लावला. तरी हसतच गेला. जाताना चहा छान झाला होता म्हणाला — हिला. मला नाही.

शुक्रवार, ८ मार्च

ही आतल्या खोलीत फोनवर हळू आवाजात: "त्यांना एवढ्यात कळू देऊ नकोस." कोण होतं विचारलं, तर म्हणे मैत्रीण. माझे कान अजून शाबूत आहेत. कुठंतरी पाणी मुरतंय, आणि ते रेडिएटरमध्ये नाही.

रविवार, १० मार्च

चष्मेवाला परत आला. सकाळी लवकर, इंजिन गार असताना. म्हणजे जाणकार! तापलेलं इंजिन कुणाचंही गोड बोलतं, खरं काय ते गार असताना कळतं.

चालू करून बघ म्हटलं. आत बसला, चोक अर्धाच ओढला, पॅडल दोनदा दाबलं, क्षणभर थांबला आणि किल्ली फिरवली. पहिल्या फटक्याला चालू.

मी थिजलो. पुरा चोक ओढला की हे इंजिन पेट्रोल ढोसून गप्प बसतं. हा या एका गाडीचा नखरा, कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही. ठाऊक मला, आणि मिस्त्रीला.

आता सगळं जुळलं. मिस्त्रीनं केबल बिघडवायची, मी घाबरून गाडी काढून टाकायची, चष्मेवाल्यानं उचलायची. मला शेंडी लावायला निघाले! गॅरेजवर फोन करून मिस्त्रीला नाही नाही ते बोललो, पुन्हा दारात पाय ठेवू नकोस म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शेठ, एकदा वहिनींना विचारा." आणि फोन ठेवला.

सोमवार, ११ मार्च

विचारलं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "मीच पाठवला त्या चष्मेवाल्याला. मैत्रिणीचा भाचा आहे. भाव काय सांगाल तो मान्य कर म्हटलं. चोकचंही मीच सांगितलं. मिस्त्रीलाही मीच म्हटलं होतं, तुम्हांला काही बोलू नकोस. जन्मभर तुमच्या शेजारच्या सीटवर बसले, एवढं माहीत नसेल मला?"

पण का?

"अहो, केबलला काही झालेलं नाही. तुमचा पाय ब्रेकवर नव्हताच त्या दिवशी. साखरेनं तळव्यांची जाणीव चाललीय, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. परवा तुमची एक चप्पल फाटकापाशी राहिली. तुम्ही तसेच घरात आलात, सोफ्यावर बसलात, पेपर वाचलात. तुम्हांला पत्ताच नाही." मग म्हणाली, "मी वाट बघत होते, गाडीच कधीतरी बंद पडेल. पण तुमचं ते इंजिन मरायला तयार नाही."

मी खूप बोललो. उभं आयुष्य गाडी चालवली आणि मला ब्रेक कुठला ते कळत नाही? तिच्या माहेरापर्यंत जाऊन आलो. ती देठं खुडत राहिली.

"नात बसणार आहे त्या गाडीत," एवढंच म्हणाली.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी एकटाच गाडीत जाऊन बसलो. न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू केलं. समोर बघत ब्रेक दाबला. इंजिन किंचाळलं. पाय उचलून नीट, जपून पुन्हा दाबला. पुन्हा किंचाळलं.

मिस्त्रीची माफी मागितली. मग लेकीला फोन — शाळेचं दुसरं काही बघ, गाडीचा आता भरवसा नाही.

"का हो बाबा, काय झालं?"

इंजिन गेलं, म्हणालो.