दुसऱ्या गाडीचं कर्ज

३ जून

ठरलं! दिवाळखोरीचा अर्ज करायचा. वकीलबाईंच्या ऑफिसातून बाहेर पडले आणि जिन्यात चक्क हसू आलं. दोन वर्षं जे बोलायला जीभ उचलत नव्हती, ते त्यांनी कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं – "तुमच्याच्यानं हे फिटणार नाही. कायद्यात सोय आहे. वापरा."

सोय! मी आजवर तिला शिक्षा समजत होते.

ड्रायव्हिंग स्कूल बंद होऊन आठ महिने झाले. दोन्ही गाड्या बँकेनं ओढून नेल्या. आता मी एका शाळेची व्हॅन चालवते. पगार येतो तो नेमका त्याच बँकेत, जिचं कर्ज थकलंय. गेल्या महिन्यात पगार आला आणि तासाभरात निम्मा हप्त्यापोटी वळता! वकीलबाई म्हणाल्या, पहिलं काम – जिथे तुमचं एका पैशाचंही देणं नाही, अशा बँकेत नवं खातं.

४ जून

उघडलं! आणि काउंटरवर कोण बसलेला असावा? माझा जुना विद्यार्थी, कायम तिसऱ्या गियरमध्ये गाडी उचलणारा. दोनदा नापास झाला होता बिचारा. मला पाहून उठून उभा राहिला. "मॅडम, इथे सही. इथेही. आणि निघायच्या आधी आरशात बघा." माझंच वाक्य मला! मी ते रोज वीस वेळा म्हणायचे.

करकरीत पासबुक. पहिल्या पानावर फक्त माझं नाव. शाळेत जाऊन पगाराचा खाते क्रमांकही बदलून आले. "पुढच्या महिन्यापासून," क्लार्कबाई म्हणाल्या. मी त्यांचे आभार तीनदा मानले बहुतेक.

७ जून

जुन्या खात्यातून आपोआप काय काय कापलं जातं, त्याची यादी केली. वीज, फोन, विमा – आणि जिम! तीन वर्षांत मी तिथलं दारही पाहिलेलं नाही. इतकी वर्षं जिमवाल्याचीच तब्येत सुधारत होते मी. बंद केलं. विमा, वीज आणि फोन मात्र नव्या खात्याला जोडले, ते हप्ते चुकवायचे नाहीत. दोन्ही क्रेडिट कार्डं कात्रीनं कापली. आता नवी उधारी केली तर ती फसवणूक धरतात.

कार्डाचा तुकडा उडून फुलदाणीमागे गेला. राहू दे तिथेच.

१० जून

आज सगळ्यात आनंदाचं काम केलं. स्कूलच्या जागेचं डिपॉझिट नव्या खात्यात परत आलं होतं. तडक दादाकडे गेले. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या गाडीसाठी त्यानं पैसे दिले, त्यानंतर एका शब्दानं कधी विचारलं नाही. रंगाच्या दुकानात ब्रशांच्या बरण्यांमध्ये उभा होता नेहमीसारखा. त्याच्या पैशांपैकी निम्म्या रकमेचा चेक त्याच्या हातात दिला. बँका बघतील आपलं आपण. आधी माझा भाऊ!

मला वाटलं, नको म्हणेल, मी आग्रह करीन, वहिनी मध्ये पडतील. तो नुसता "बरं" म्हणाला आणि चेक खिशात घातला. मग विचारलं, "तुझ्या त्या वकीलबाई फी किती घेतात?" थोड्या वेळानं – "घरी येतात का गं वसुलीवाले?"

किती काळजी करतो माझी! मी त्याला सगळं रंगवून सांगितलं – नवं खातं, जिम, कात्री.

१२ जून

जुन्या बँकेचा धमकीवजा फोन. वकीलबाईंचा नंबर दिला, गोड आवाजात. मजा आली.

१८ जून

सगळे कागद घेऊन गेले. जिथे जिथे माझं नाव आहे ते प्रत्येक खातं लिहायचं, बंद पडलेलंसुद्धा. आईबरोबरचं जॉइंट खातंही! आता आईच्या पैशांनाही हात लागणार? पण त्यात फक्त आईचं पेन्शन येतं, तिचं पासबुक जोडलं की झालं. हुश्श.

मग नव्या खात्याचा उतारा वाचता वाचता त्यांचं पेन थांबलं. "हा दहा तारखेचा चेक कोणाला?"

"माझ्या भावाला," मी मान ताठ करून सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. अर्जाच्या तोंडावर घरच्यांना पैसे दिले म्हणजे बाकीच्यांना डावललं. कोर्ट ते पैसे दादाकडून परत मागू शकतं! लिहिलंच नाही तर, मी विचारलं. "तर तुमचा अर्जच फेटाळतील." भावाकडून पैसे परत आणा, खात्यात भरा आणि घडलं तसं लिहा, म्हणाल्या. अठ्ठावीसला अर्ज दाखल करायचा.

चांगलं करायला गेले आणि नेमकं तेच करायचं नव्हतं! तरी फार बिघडलं नाही. दादाच तर आहे.

१९ जून

दादाला फोन केला. "अरे, एक गंमत झालीये," म्हणून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघतो."

२३ जून

पैसे नाहीत. वहिनी म्हणाल्या, दादा दुकानात आहे. अकरा वाजता व्हॅन घेऊन तिथूनच गेले, तर शटर खाली. माल आणायला गेला असेल. पाचच दिवस उरलेत!

२५ जून

आज शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरले. फळ्या रिकाम्या. दादा स्टुलावर.

"पैसे नाहीत गं. त्याच दिवशी बँकेत भरले."

"कुठल्या बँकेत?"

"जिथून तुझ्यासाठी काढले होते, तिथे."

चार वर्षं मी समजत होते, ते त्याचे साठवलेले पैसे! कर्ज काढून दिले होते आणि व्याज तो भरत होता. मला खूप राग आला त्याचा. आणि लाजही वाटली. माझ्या अर्जाबरोबर त्याला द्यायचे उरलेले निम्मे पैसेही माफ होणार. म्हणजे मी सुटणार आणि तो तिथेच अडकणार. आरशात बघा म्हणून जगाला शिकवलं मी, आणि माझ्या मागे दादा होता तो मला दिसला नाही.

गल्ल्याखालचा खण उघडला. बँकेच्या थकबाकीची पाकिटं, एकही न फोडलेलं. सगळी काउंटरवर ओतली आणि फोडत सुटले! तारखा लावल्या, खाती लिहून काढली, तिसऱ्या गियरवाल्याला फोन केला – उद्या अजून एक खातं उघडायचंय. दादा म्हणाला, "तू आधी श्वास घे." मला कसला श्वास! मला सगळ्या पायऱ्या पाठ आहेत.

२७ जून

दोघं वकीलबाईंकडे. माझ्या अर्जात चेकचं खरं खरं लिहिलं, भावानं ते पैसे कुठे भरले तेही. पुढे काय, कोर्ट ठरवेल. मग त्यांनी दादापुढे दिवाळखोरीचा कोरा अर्ज ठेवला. पहिलाच प्रश्न – कर्ज कशासाठी घेतलं?

त्यानं पेन उचललं आणि लिहिलं – बहिणीची दुसरी गाडी.