मुलांचं मी बघेन

१५ सप्टेंबर
अखेर काम मिळालं! डिपेंडंट व्हिसावर पगार नाही मिळत, पण घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं. बोस्टनजवळ, स्वातंत्र्ययुद्धात पडलेल्या कॅप्टन पेलच्या घरात मी गाइड. पिवळं लाकडी घर, चरखा, माडीवर मुलांच्या तीन छोट्या खाटा. कॅप्टनची बायको आधीच गेलेली. तो लढाईत पडला आणि त्याच हिवाळ्यात पोरकी मुलं देवीच्या साथीत या खाटांवर गेली. माझ्या सहा वर्षांच्या रुहीने विचारलं, “बट हू टुक केअर ऑफ देम, आई?” ही वही माडीवरच ठेवते, दुपारी टूर नसली की लिहायला.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
घरचा नैवेद्य झाला. म्हटलं, बिचाऱ्या कॅप्टनला कधी कुणी पान वाढलं असेल? त्याच्या घरामागच्या हिरवळीवर खीर-वडे ठेवले. कावळे जमले, पण एक शिवेल तर शपथ! मग आपल्याकडे म्हणतात तसं हात जोडून म्हटलं, काळजी करू नका, मुलांचं मी बघेन. लगेच कावळ्याने वडा उचलला. माझा नवरा वेद खो खो हसला. म्हणे, यार चारुता, इथल्या भुतांनाही मराठी कळतं.

२३ सप्टेंबर
टूर चालू असताना कुणीतरी ओढणी धरली. मागे कुणी नव्हतं. निघताना माडीवरून रडणं ऐकू आलं. भीती वाटली, तरी वर जाऊन तिन्ही खाटांवरची पांघरुणं सारखी केली.

२५ सप्टेंबर
आता घरीही. रुही म्हणते, तुझ्या कुशीत ती मुलं झोपतात, मला जागाच नाही. शेजारच्या शुभाकाकू म्हणाल्या, गेलेल्याला दिलेला शब्द परत घेता येत नाही. उद्या काम सोडते.

२६ सप्टेंबर
वेद, रुही गाडीत थांबले. मी माडीवर मुलांची माफी मागायला आले. जिना उतरताना – ओढणी. किती हात –
पडले. लागलं नाही मुळीच. पण खाली वेद कुणाला तरी उराशी धरून चारुता, चारुता ओरडतोय. तिच्या अंगावर माझा ड्रेस –

२ ऑक्टोबर
दार उघडत नाही. मुलं सोडत नाहीत. रुहीची वेणी, रुहीचा डबा – तेवढंच घोकत बसते. तेवढंच माझं उरलंय.

५ ऑक्टोबर
हिरवळीवर वेद. आज माझा दहावा. पान वाढलंय. रुहीची वेणी वाकडी –
कावळा बसलाय. शिवणार नाही. रुहीत जीव अडकलाय माझा, तोवर मी तिचीच आई –
वेदने हात जोडले. नको रे. ते बोलू नको –
बोलला. रुहीचं मी बघेन.
कावळा उतरला.
बापाचं बोट धरलेली ती मुलगी – गोड आहे – काय बरं तिचं नाव –