नाही म्हणणाऱ्या बाई आणि आमचा जनरेटर

प्रिय भाऊजींस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. (वयाने तुम्ही माझ्याहून थोडे मोठे आहात हे मला ठाऊक आहे, पण नात्याने धाकटे पडलात, तेव्हा आशीर्वाद मुकाट्याने घ्या.) तुमची पाठ आता कशी आहे? जाऊबाई अजून पहाटे फिरायला जातात की त्यांचंही उत्साहाचं वारं पडलं? आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. आईंची तब्येत आहे तशीच, म्हणजे फुप्फुसं थकलेली आणि जीभ ताजीतवानी. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालू असतं. त्याची नळी चांगली लांब घेतली आहे, त्यामुळे त्या पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊ शकतात आणि तिथे उभ्या राहून, मी भांडी कशी चुकीची लावते ते मला सांगू शकतात. त्यांच्या लेकाने, म्हणजे तुमच्या दादांनी, नळी इतकी लांब का घेतली हा प्रश्न मी अजून विचारलेला नाही.

तुम्ही पाठवलेला पेट्रोलचा जनरेटर पोचला. तुमची काळजी पाहून मला खरोखर भरून आलं. आमच्याकडे हल्ली वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि वीज गेली की मशीन बंद, मग ऑक्सिजनचा लहान सिलिंडर लावायचा, आणि तो संपायच्या आत वीज येते का म्हणून दादांनी व्हरांड्यात येरझारा घालायच्या, हे तुम्ही मागे आलात तेव्हा पाहिलंच होतं. त्यामुळे खोकं उघडलं तेव्हा दादा नव्या नवरदेवासारखे खुलले होते. पुढे काय झालं ते नीट बसून वाचा.

खोकं आलं त्याच सुमारास वादळ झालं आणि समोरच्या खांबावरून आमच्या घराकडे येणारी वायर तुटून पडली. दादांनी लगेच त्यांच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. या गृहस्थांना काहीही विचारा, ते "होऊन जाईल" एवढंच म्हणतात, म्हणून आमच्या घरात त्यांचं नावच होऊनजाईल पडलं आहे. बाहेर पाऊस होता, जनरेटर भिजेल, म्हणून तो आतल्या बोळात ठेवला. दार किलकिलं राहिलं की धूर बाहेर जाईल, असं दादांचं मत. होऊन जाईल, असं त्यांचं. मग त्यांनी दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर पिशवीतून काढली, एक टोक जनरेटरला आणि दुसरं स्वयंपाकघरातल्या प्लगला लावलं, आणि दोरी ओढली. घरभर दिवे लागले. मशीन सुरू झालं. दादांनी तुमचं नाव घेऊन तुमचं तोंडभर कौतुक केलं. (मीसुद्धा केलं. खोटं का सांगू.)

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आई गप्प आहेत. भाऊजी, तुम्ही त्यांच्या पोटचे, तुम्हाला सांगायला नको की आई गप्प असणं म्हणजे काय. मी जाऊन पाहिलं तर त्या कपाळ धरून बसल्या होत्या आणि माझं स्वतःचं डोकं गरगरायला लागलं होतं. तेव्हा कुठे मला तो वास जाणवला. मी बोळात जाऊन जनरेटर बंद केला, दारंखिडक्या सताड उघडल्या, आईंना लहान सिलिंडर लावला आणि दादांच्या मदतीने खुर्चीसकट बाहेर व्हरांड्यात नेलं. मोकळ्या हवेत आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते होऊनजाईलच्या घराण्याबद्दल होतं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आईंना नेऊन दाखवलं, त्या बऱ्या आहेत असं डॉक्टर म्हणाले, पण धुराबद्दल त्यांनी दादांना जे सुनावलं ते दादा तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.

पण ही निम्मीच गोष्ट. आम्ही व्हरांड्यात असतानाच फाटकातून वीज कंपनीचा वायरमन आत आला. आमचीच तुटलेली वायर जोडायला तो खांबापाशी आला होता. हातमोजे काढून त्याने काखेत धरले होते आणि आवाज अजिबात चढवला नव्हता.

"तुमचा जनरेटर थांबला आणि वायर मेली," तो म्हणाला. "म्हणजे वीज तुमच्याच घरातून उलटी येत होती. टेस्टर लावायची सवय आहे, म्हणून आज तुमच्याशी बोलतोय."

होऊनजाईल खाली बसून पिशवी भरायला लागले. दादांनी वायरमनला बसायला सांगितलं, तो बसला नाही. वायर जोडून निघून गेला. दोन पिनांची ती वायर दादांनी स्वतः कैचीने कापली, इतके बारीक तुकडे केले की झाडताना मला त्रास झाला. त्यानंतर त्यांनी दिवसभर कुणावर मत लादलं नाही, आणि मी जाहीर केलं की जनरेटरचं खातं आजपासून माझ्याकडे.

मी ठरवलं की ज्याच्याकडे विजेच्या कामाचा परवाना आहे त्यालाच घरात घ्यायचं, आणि परवाना आधी बघायचा, चहा नंतर. भाऊजी, परवाना मागितला की माणसांचे चेहरे कसे होतात हे एकदा पाहाच. पहिला म्हणाला की तीस वर्षं काम करतोय, परवाना काय मागता. (मी पंचवीस वर्षं स्वयंपाक करते, म्हणून मला कुणी हॉटेल चालवायला देत नाही.) दुसऱ्याने मोठ्या विश्वासाने खिशात हात घालून गाडी चालवण्याचा परवाना दाखवला. तिसऱ्याकडे खराखुरा होता, पण फोटोतला माणूस जाड आणि हा सुतासारखा. विचारलं तर म्हणे मेहुण्याचा आहे, आमच्या घरात सगळं एकत्रच असतं. मी म्हटलं, मग मेहुण्यालाच पाठवा. मेहुणे परगावी होते आणि अजूनही तिथेच आहेत. दादांनी मध्येच सुचवून पाहिलं की इतकं काय ताणायचं. मी फक्त फाटकाबाहेरच्या खांबाकडे पाहिलं, ते परत पेपर वाचायला लागले.

शेवटी आल्या त्या बाई. माझ्याच वयाच्या, आवाज शाळेच्या घंटेसारखा, आणि परवाना प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवलेला. मी मागायच्या आत त्यांनी तो मला दाखवला, मग दादांना, मग आईंना, आणि दूध द्यायला आलेल्या माणसालाही. त्यांना स्वतःबद्दल फार म्हणजे फार चांगलं मत आहे. आणि त्या प्रत्येक गोष्टीला "नाही" म्हणतात. बोळात ठेवू का? नाही. मागच्या खिडकीखाली? नाही. शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटून? नाही. मग सगळं घर चालेल एवढा मोठा नवाच घ्यावा का? नाही, आधी काय चाललंच पाहिजे ते सांगा. आईंचं मशीन, फ्रीज, पाण्याचा पंप आणि चार दिवे, असं मी म्हटलं. दादांनी हळूच टीव्हीचं नाव घेतलं. नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला कामाला आलेलं माणूस असं भेटलं की जे होऊन जाईल म्हणत नव्हतं, आणि मला त्या इतक्या आवडल्या की काय सांगू. खिडक्यांपासून पुरेशी लांब अशी आवारात एकच जागा निघाली, जिथे दादांची स्कूटर उभी होती. (चालत नाही, विकायची नाही, पुसायची मात्र रोज.) दादा म्हणाले, स्कूटर हलणार नाही. बाई म्हणाल्या, मी पाहिली, खरंच हलणार नाही, टायर बसलेत, चार माणसं बोलवा.

मग इंधनाचा प्रश्न निघाला आणि घराची लोकसभा झाली. दादा डिझेलच्या बाजूने, कारण त्यांच्या ऑफिसात डिझेलचा होता आणि सुरू झाला की साहेब बोलायचे थांबत. समोरचे बँकेतून निवृत्त झालेले काका बोलावलं नसताना आले आणि पेट्रोलच्या बाजूने तासभर बोलले. आईंचं म्हणणं की रॉकेलवर का नाही, आमच्या वेळी सगळं रॉकेलवर चालायचं. बाई सगळ्यांचं ऐकत होत्या, म्हणजे त्यांचं बोलणं संपायची वाट पाहत होत्या. मग म्हणाल्या, पेट्रोल घरात साठवायचं तर ऑक्सिजन लागणाऱ्या माणसाच्या घरात मी ते साठवू देणार नाही. डिझेल चालेल, पण धूर आहे, आवाज आहे, न वापरता पडून राहिलं तर खराब होतं, आणि पावसात कॅन घेऊन पंपावर कोण जाणार ते आत्ताच ठरवा. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तुमच्या स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आहे, बाई म्हणाल्या, त्याच्यावर चालणारा घ्या, साठवायला नको, आणायला नको. मी विचारलं, आणि पाइपचा गॅसच बंद पडला तर? त्या पहिल्यांदाच "हो" म्हणाल्या. हो, पडू शकतो, म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला ठेवा आणि त्या मशीनला बॅटरी घ्या. गॅसचा पक्का निर्णय मी तिथेच केला. जी बाई आपण विकत असलेल्या वस्तूचीही खोड सांगते तिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. तुमचा पेट्रोलवाला मी काकांना द्यायला निघाले होते, पण बाईंनी त्यांच्याही घरी जाऊन नाही म्हटलं. मग तो मंडप घालणाऱ्याकडे गेला, तो उघड्या मैदानात चालवतो. रागावू नका.

गॅस कंपनीच्या कचेरीत मला खेटे घालावे लागले. मीटर मोठा हवा होता आणि ज्या साहेबांची सही हवी ते जागेवर नसत. मग मी विणकाम घेऊन त्यांच्या खुर्चीसमोरच्या बाकावर बसायला लागले. स्वेटरचा गळा आला तेव्हा सही मिळाली. (स्वेटर तुम्हालाच पाठवते आहे, एक बाही जरा रागाने विणली गेली आहे.) त्यानंतर स्कूटरच्या जागी जनरेटरचा ओटा बांधला, अर्थिंग झालं, पाइप आला, आणि बोळाच्या भिंतीवर एक पेटी बसली. वीज गेली की ही पेटी आधी बाहेरची वायर तोडते आणि मगच जनरेटर जोडते, आपोआप. तपासायला तोच वायरमन आला. पेटीपुढे बराच वेळ उभा राहिला, आणि या वेळी चहा घेतला.

आणि मग वीज जाईचना. आम्ही रोज वाट पाहत होतो. शेवटी एका दुपारी गेली, मी आणि आई दोघीच घरी. मागे घरघर झाली, दिवे लागले, मशीनने पुन्हा श्वास घेतला. मी कौतुकाने बाहेर जाऊन जनरेटर पाहत उभी राहिले, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत बंद पडला. धावत आत आले तर आई बोळात, एक हात भिंतीला, दुसरा पेटीवरच्या, जनरेटर बंद करायच्या लाल बटणावर. मशीनची बॅटरी अजून यायची होती, त्यामुळे नळी नाकाला, पण नळीत काही नाही. ओठांचा रंग गेलेला. मी आधी जनरेटर सुरू केला आणि त्यांना धरून बसवलं. श्वास परत आल्यावर त्या म्हणाल्या,

"माझ्या एकटीपायी एवढं मोठं धूड कशाला जाळत ठेवायचं? मी किती दिवसांची?"

भाऊजी, इतके दिवस मी कुणाकुणाशी भांडले, पण असा राग मला कुणाचाच आला नव्हता. रडूही येत होतं, ते मी गिळलं. मी म्हटलं, "हा जनरेटर तुमच्यासाठी नाहीच. वीज गेली की मला तुमच्या श्वासाची भीती वाटते, ती वाटू नये म्हणून मी माझ्यासाठी बसवला आहे. माझी वस्तू आहे. हात लावायचा नाही."

आईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुझा आहे होय," त्या म्हणाल्या. "मग तसं आधी सांगायचं. दुसऱ्याच्या वस्तूला मी कधी हात लावलाय?"

तेव्हापासून खरोखरच लावलेला नाही. उलट वीज गेली की दादांनाही पेटीजवळ जाऊ देत नाहीत, तिची आहे म्हणतात. बाकी सर्व क्षेम. जाऊबाईंना आठवण सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. मुद्दा राहिलाच. आईंना काही दिवस सांभाळायला या असं म्हटलं की तुम्ही दरवेळी सांगता, यायला मी एका पायावर तयार आहे, पण वीज गेली तर मला यंत्रातलं काही कळत नाही. आता कळायला लागतच नाही. मी आणि दादा पुढच्या महिन्यात दहा दिवस समुद्र पाहायला जातो आहोत. तुम्ही आदल्या दिवशी या.

ता. क. दुसरा. आईंनी पत्र वाचलं. त्या म्हणतात, त्याला कशाला त्रास, त्याच्याऐवजी त्या नाही म्हणणाऱ्या बाईंनाच दहा दिवस राहायला बोलव. मी विचारून पाहिलं. बाई हो म्हणाल्या. तरीही तुम्ही याच, कारण दोघींना एकाच घरात मोकळं सोडून जायची माझी हिंमत नाही.