उजव्या कौलाची गाडी

४ मे २००३, रविवार. महाड
गाडी दारात उभी आणि मला तिच्याखाली वाकूसुद्धा दिलं नाही.
दिलीपने, म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या भावाने, मला विकायला कळव्याहून चालवत आणली. जुनी, आठ सीटची, चारी चाकं ओढणारी. कंपनीत मी पंप हाताने फिरवून बघितल्याशिवाय स्विच दाबत नाही. म्हटलं, नाक्यावरच्या मिस्त्रीला दाखवून घेतो. माझे वडील, आबा, गाडी बघायला खाली आलेले, ते खवळले. काल डोंगरावर त्यांच्या वाडीत गुरवाने कौल लावलाय. देवीच्या दोन खांद्यांना दोन फुलं चिकटवली, गाडी घ्यावी का विचारलं, उजवं आधी पडलं. म्हणजे हो. "देवीनं हो म्हनल्यावर मिस्त्रीला इचारायचं? तो काय देवीच्या वरचा हाय?" एवढं बोलायलाच धाप लागली त्यांना. दिलीप बाजूला उभा राहून मान डोलावत होता. त्याचं आयतंच फावलं.
गाडी कोणासाठी घेतोय मी? गेल्या पावसात आबांचा दम कोंडला, ओठ निळे पडले, चौघांनी डोलीत घालून पायथ्याच्या कापडे गावापर्यंत उतरवलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असा उशीर केलात तर हाती लागणार नाहीत. आबा म्हशी सोडून खाली राहायला तयार नाहीत. "गाडी वर येत असंल तर बोलवीन," एवढंच कबूल केलंय. म्हणून ही.

१० मे, शनि.
गाडी वाडीवर चढली. रस्ता कोरडा खडखडीत. नारळ, हळदकुंकू, बोनेटवर हार. आबांनी माझ्याकडे बघितलं ते जिंकल्यासारखं. उतरताना वाडीतली निम्मी माणसं आत, शिवाय एक शेळी. शेळीने सीट खाल्ली. डोकं तापलंय.

१८ मे, रवि.
चिखलाचे कपडे अजून अंगावरच.
काल वळीव पडला. आज आबांना डॉक्टरांकडे तपासून आणलं, परत वर सोडायला निघालो. खिंडीच्या वळणावर लाल चिखल. फोर व्हीलचा लिव्हर ओढला. मागची चाकं गरगर, गाडी मागे मागे, कडेला दरी. आमच्याबरोबर गाडीत बसलेली वाडीतली पारूकाकी उडी मारून उतरली आणि ओरडली, "आरं, पुढची चाकं फिरतच नायत रे!" तिनेच चाकामागे धोंडा घातला, म्हणून वाचलो.
आबा उरलेला चढ पायी गेले. दर थोड्या वेळाने दगडावर टेकत. मला हात लावू दिला नाही.
मग मी खाली शिरलो. लिव्हर आहे, सगळं आहे, पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच नाही. काढून टाकलाय. मोकळ्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, वर सुतळीची नीट गाठ. सुतळीची! तिथेच चिखलात पडून शिव्या घातल्या.

१९ मे
सेकंड शिफ्टला जाता जाता बूथवरून दिलीपला फोन. "भावोजी, टेन्शन नका घेऊ, शाफ्ट सगळेच काढतात, डिझेल वाचतं. तुम्ही विचारलंच नाही." विचारलं नाही! माझा बाप दरीत गेला असता, आणि हा मला डिझेल सांगतोय.
घरी सुनंदा: "माझ्या भावाला चोर म्हणू नका." जेवलो नाही.

२१ मे
सुनंदा स्वतः बूथवर गेली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. बूथवाल्याने सांगितलं. "शाफ्ट घेऊन ये, नाहीतर राखीला तोंड दाखवू नकोस."

२५ मे, रवि.
कापड्याहून चालत वर गेलो, मुद्दाम. म्हटलं, आबा, बघितलात ना तुमच्या देवीचा कौल?
शांतपणे म्हशीच्या अंगावरून हात फिरवत म्हणाले, "देवीला आपन काय इचारलं? गाडी घ्यावी का. पुढची चाकं फिरतात का, ते कुठं इचारलं?"
तसाच उतरलो. वाटेत दिसेल त्या दगडाला लाथ. अंगठ्याचं नख गेलं.

१ जून, रवि.
दिलीप शाफ्ट घेऊन आला. मान वर नाही. मी चहा विचारला नाही, सुनंदाने दिला. शाफ्ट मीच बसवला, त्याला पान्यालाही हात लावू दिला नाही. घरामागच्या खाचरात पाणी सोडून गाडी घातली. चारी चाकांनी माती धरली. आनंद व्हायला हवा होता, पण ती सुतळीची गाठ डोळ्यांपुढून जात नाही.

७ जून, शनि. वाडी, देवळासमोर
पाऊस लागलाय. पारूकाकीच्या पोराचा दुपारी कापड्याहून बूथवाल्याकडे फोन, आबांचा दम वाढला. खिंडीचं वळण एका दमात चढलो. चिखल असून.
आबा देवळात येऊन बसलेले, ओठ निळे. म्हटलं, चला. तर म्हणतात, "आधी कौल."
ओरडलो. वाडी गोळा झाली. ते खांब धरून बसले ते उठेनात. उचलायला गेलो तर पारूकाकी म्हणाली, "जबरदस्ती नको रे, आनकी दम लागंल त्यास्नी."
शेवटी गुरवाला मीच म्हटलं, लावा. पण प्रश्न मी सांगणार. याच गाडीने, आत्ताच्या आत्ता, महाडच्या दवाखान्यात न्यावं का? यात कुठे फट ठेवली नाही. आबांनी मान डोलावली. मला वाटतं, हसले.
फुलं लावली. पावसाने ओली, दोन्ही चिकटून बसलीत. उजवं नाही, डावं नाही. गुरव म्हणतो, "वाट बघूया."
मी गाडीत येऊन बसलोय. देवळात गेलो तर माझ्या हातून काहीतरी होईल. वही स्टिअरिंगवर. इंजिन चालू, लिव्हर फोर व्हीलला. आबांची घरघर इथवर ऐकू येतेय.
उजवं पडलं तर ठीक. डावं पडलं तर उचलून नेणार, मग आयुष्यभर बोलले नाहीत तरी चालेल. पण काहीच पडलं नाही तर…