शिमोनचे गुडघे

स्लाऊ, इंग्लंड, १२ एप्रिल १९७०

प्रिय आई,
शालोम. फार दिवस पत्र नाही, माफ कर. आम्ही सुखरूप आहोत. तुझा खोकला कसा आहे?

आज आमच्या क्लबची नव्या सीझनची क्रिकेट टीम ठरली. सामने आता शनिवारी आहेत. "शनिवारी आपला शब्बाथ, कामधंदा-खेळ वर्ज्य; मी येणार नाही," असं शिमोननं मला एकट्याला आधीच सांगितलं होतं. कॅप्टन म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, "त्याचे गुडघे गेलेत."

टीममधला योएल हसला, "अरे, परवा बसमागे पळत होता की! चाळिशीतच म्हातारा केलास त्याला!"

तरी शिमोनला वगळलं.

शब्बाथचं नाव काढलं असतं, तर "मग तू कसा खेळतोस?" असं कुणीतरी विचारलंच असतं. आता तूही विचारशील. आई, फार लाज वाटते.

तुझा,
रूबेन

ता. क. उद्या शिमोनच्या घरी जाऊन हे खोटं माझ्याच तोंडून कबूल करणार आहे.