एका जागेला दोन खिळे

आई, आज दुपारी मी एका कागदावर सही करून आले आणि तेव्हापासून माझे हात गार पडलेत. पण आधी मी काय काम करते ते सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा मी नकाशे काढायचा कोर्स करत होते आणि तू गल्लीभर 'मनी पोर इंजिनेर व्हई' म्हणून सांगत सुटली होतीस. इंजिनीअर काही मी झाले नाही. एका एजन्सीत अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर सर्व्हे करते. दार वाजवायचं, फॉर्म भरायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि पुढच्या दाराला जायचं. फॉर्म नगररचनेच्या ऑफिसात जातात, तिथे त्यांची यादी होते आणि यादीवर सगळं ठरतं. यंदा मला सुरतेतच, पांडेसऱ्यातली गल्ली मिळाली, आपल्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. नाव वाचल्यावर मी ती बदलून मागणार होते, पण कारण काय सांगणार होते?

तिथून मोठा रस्ता जाणार आहे. लूमवर राबणारे जिथे जेवतात आणि झोपतात त्या मेसच्या इमारती पाडतील आणि तिथे झोपणाऱ्यांना आधी तात्पुरत्या निवाऱ्यात खाट मिळेल, मग स्वस्त भाड्याच्या खोल्या बांधून झाल्या की त्यात नंबर लागेल. नियम वाचायला फार चांगला आहे. माणशी एक खाट, खाटेभोवती इतकी मोकळी जागा, अंघोळीला पाणी. एक खाट दोघांना द्यायची नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. ज्याचं नाव यादीत नाही त्याला खाट नाही आणि पुढे खोलीही नाही, ही ओळ सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात आहे.

त्या गल्लीतल्या तिसऱ्या मेसची मालकीण धुळ्याकडची आहे, माझ्याच वयाची. तांदूळ निवडत होती. मी विचारलं, किती माणसं झोपतात? तिनं ताटावरून मान वर केली नाही. म्हणाली, 'चोवीस.' मी आत हॉलमध्ये नजर टाकली. फरशीवर चोवीस जागा होत्या, काहींवर रातपाळी करून आलेले भर दुपारी तोंडावर गमछा घेऊन झोपले होते. आणि प्रत्येक जागेच्या उशाशी भिंतीत दोन खिळे होते. आई, ते खिळे मी एका नजरेत ओळखले. मग मी फॉर्मवर चोवीस लिहिलं, तिचा अंगठा घेतला आणि चहासुद्धा न घेता निघाले. बाहेर येईपर्यंत माझा पेन उघडाच होता, त्याची शाई ड्रेसला लागली.

कारण आपल्या मेसमध्येही एका जागेला दोनच खिळे असायचे. एकावर दिवसपाळीवाल्याची पिशवी, दुसऱ्यावर रातपाळीवाल्याची. सकाळी एक उठून लूमवर जायचा आणि दुसरा येऊन त्याच गादीवर पडायचा, गादी कधी गार म्हणून व्हायची नाही. तू खिळे ठोकायचीस आणि मी हातात खिळ्यांचा डबा धरून उभी असायचे. नवा माणूस आला की तू आधी त्याला खिळा दाखवायचीस, मग ताट. ओडिशाचे बरेच होते, त्यांच्यासाठी उन्हाळ्यात भातात पाणी घालून ठेवायला तू शिकलीस, आणि आपल्या जळगावच्या माणसांनी नाक मुरडलं की त्यांना म्हणायचीस, 'खाई तं दख.' हॉल, स्वयंपाकाची पडवी आणि पडद्यामागे आपण तिघं. वडील लूमवरून येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापडाची लव असे, तू ती फुंकर मारून काढायचीस.

मेसची तपासणी करायला तो साहेब आला तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी नऊ वर्षांची. तू त्याला तीस माणसं सांगितलीस, कारण एका हॉलमध्ये त्याहून जास्त ठेवायला परवानगी नव्हती. तो हसला, माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि हिंदीत म्हणाला, 'बेटा, तुम तो स्कूल जाती हो, गिनती आती है?' मला गिनती फार छान यायची. मला पाढे शिकवायचे ते आपल्याकडचेच एक म्हातारे विणकर होते, दाराजवळच्या जागेवर झोपायचे. मी छाती पुढे काढून सांगितलं, साठ. दोन दिवसांनी हॉलला सील लागलं. साठ माणसं आपापल्या पिशव्या काढून घेऊन गेली, काही पुलाखाली, काही लूमच्या पायरीवर. महिन्याभरानं सील निघालं तेव्हा बरेचसे परत आले, ते पाढेवाले काका आले नाहीत. त्यांचं काय झालं, ते आपल्याला कधी कळलं नाही. तू मला मारलं नाहीस. मी मार मिळण्याची वाट बघत पडद्यामागे बसले होते. तू कणीक मळता मळता एवढंच म्हणालीस, 'साहेबले कधी पुरा आकडा सांगाना नही, पोरी.' त्यानंतर तू पुष्कळ दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोललीस.

म्हणून मी चोवीस लिहिलं. मला वाटलं, मी त्या बाईला वाचवतेय. घरी येऊन रात्रीची भाजी चिरताना डोक्यात प्रकाश पडला की माणशी एक खाट म्हटल्यावर चोवीस जणांना खाट मिळेल आणि उरलेले चोवीस रस्त्यावर येतील, कारण कागदावर ते नाहीतच. आणि खरा आकडा दिला तर निवारा तयार व्हायच्या आधीच कुणीतरी येऊन तिच्या हॉलला सील लावेल, नियम तोही अजून आहेच. आई, मी खरंच घाबरले. एरवीही मी घाबरटच आहे, साहेबांची केबिन आली की मला तहान लागते, पण हे निराळं होतं. तेव्हा मी खरं बोलले म्हणून साठ माणसं उठली, आता खोटं लिहिलं म्हणून चोवीस उठतील. शुक्रवारी दुरुस्तीची मुदत संपत होती आणि मी रोज ऑफिसला जाऊन रोज तशीच परत येत होते. नवऱ्याला म्हटलं, पोट बिघडलंय. त्यानं इनो आणून दिला.

गुरुवारी मी त्या बाईकडे पुन्हा गेले. तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या, काही लपवलं नाही. मला वाटलं होतं ती मला हाकलेल. तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं, पोळी करपायला लागली. मग ती म्हणाली, 'आते लिखा अठ्ठेचाळीस.' मी म्हटलं, तुमचं नाव आहे त्यावर, उद्या काही झालं तर तुम्हालाच धरतील. ती म्हणाली, 'मनं नाव बी राहू द्या. लपाडीसन काय व्हई?' आणि तिनं दुरुस्तीच्या कागदावर अंगठा उठवला. तीही माझ्याइतकीच घाबरली होती, हे मी तुला मुद्दाम सांगते.

आज शुक्रवार. दुरुस्तीच्या अर्जात मी लिहिलं होतं की एका जागेला दोन खिळे म्हणजे दोन पाळ्यांची दोन माणसं. नगररचनेच्या साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि हे मला कुठून माहीत, असं गुजरातीत विचारलं, 'बेन, बे खीला एटले बे माणस, ए तमने क्यांथी खबर?' आवाजात राग नव्हता. त्यांनी खालचा रकाना बोटानं दाखवला, माहितीचा आधार काय, तो भरा म्हणाले. मी भरला, सही केली. सोमवारी सकाळी माणूस पाठवतो, एवढं बोलून त्यांनी पुढची फाइल ओढली. तो माणूस खिळे मोजायला येणार की सील लावायला, हे विचारायला मी दारात थोडी थांबले आणि न विचारताच जिना उतरले. आजपासून सोमवारपर्यंत तीन दिवस आहेत. त्या अठ्ठेचाळीस जणांपैकी एकालाही मी नावानं ओळखत नाही, पण डोळे मिटले की पिशव्या हातात घेऊन उभी असलेली माणसं दिसतात, आणि मी पुन्हा नऊ वर्षांची होते.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुला तर ते पोचायचंच नाही, म्हणून उरलेलं सांगून टाकते. ऑफिसात सगळ्यांना वाटतं की माझे वडील बँकेत होते. मी तसं कधी म्हटलं नाही, पण कुणी म्हटलं तेव्हा नाही असंही म्हटलं नाही. त्या बाईनं तिचं नाव राहू दिलं. आणि आधाराच्या रकान्यात मला 'माझी आई' एवढंच लिहायचं होतं. मी लिहिलं, 'ओळखीच्या एका बाईकडून ऐकलेली माहिती.'